जीव ओतलेले सोडताना

कामात जीव ओतणारा माणूस अनासक्त असू शकतो का? निष्काम कर्माची शिकवण आपण पिढ्यानपिढ्या ऐकत आलो, तरी एक शंका मनातून जात नाही: ज्याला फळाची आस नाही, तो जीव तोडून काम तरी कशाला करील? जपानी मोटारसायकल उद्योजक सोइचिरो होंडा यांच्या आयुष्यात या शंकेचे उत्तर सापडते, असे माझे मत आहे. १९०६ साली हामामात्सुजवळच्या खेड्यात, लोहाराच्या घरी ते जन्मले. इंजिनाची पिस्टन रिंग बनवणे जमेना म्हणून तिशी उलटल्यावर ते तंत्रशाळेत जाऊन बसले. तरीही टोयोटाने तपासलेल्या ५० रिंगांपैकी ३च पसंतीस उतरल्या, तेव्हा ते पुन्हा शिकायला निघाले. बॉम्बहल्ले आणि १९४५चा भूकंप यांत कारखाने मोडले. उरलेले विकून त्यांनी पुढच्या वर्षी सैन्याच्या जुन्या जनरेटरची इंजिने सायकलींना जोडली. त्यातूनच १९४८मध्ये होंडा कंपनी उभी राहिली.

एवढी ओढ असलेल्या माणसाचे ममत्वही तितकेच घट्ट असेल, असे वाटते. पण ओढ कामाकडे नेते, ममत्व कामावर हक्क सांगते. दोन्ही एक नव्हेत. गाडीचे इंजिन हवेनेच थंड करायचे, हा त्यांचा हट्ट होता. तरुण अभियंत्यांना पाणी हवे होते. तुम्ही अध्यक्ष राहणार की तंत्रज्ञ, असे भागीदार ताकेओ फुजिसावा यांनी विचारल्यावर होंडांनी हट्ट सोडला. पुढे कमी धूर सोडणारे इंजिन तयार होताना अमेरिकी कंपन्यांना मागे टाकण्याची संधी त्यांना दिसत होती. अभियंते मात्र हे काम समाजासाठी करतो आहोत, असे म्हणाले. आपली वेळ झाली, हे होंडांनी ओळखले. १९७३ साली, ६६व्या वर्षी, ते फुजिसावांसह निवृत्त झाले. अध्यक्षपद ४५ वर्षांच्या कियोशी कावाशिमांकडे गेले. होंडा आणि फुजिसावा या दोघांनीही आपल्या मुलांना कंपनीत आणले नव्हते.

कोणी म्हणेल, कंपनीला स्वतःचे नाव देणारा, सर्वोच्च सल्लागार म्हणून पुढेही मान घेणारा, रागाच्या भरात कामगारांवर हात उगारणारा माणूस अनासक्त कसला? आक्षेप खरा आहे. ते संत नव्हते, आणि त्या रागाचे समर्थन होऊ शकत नाही. पण अनासक्ती हा स्वभावाचा दाखला नसून निर्णयाच्या क्षणी केलेली निवड असते. भरल्या पोटी सोडणे सोपे, हा दुसरा आक्षेप मला कमकुवत वाटतो. ज्याच्यापाशी खूप असते त्याचीच मूठ बहुधा अधिक आवळलेली असते. शिवाय १९६१ ते १९८३ या काळात होंडा आणि फुजिसावा यांनी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या, त्या नाव गुप्त ठेवून. कृतज्ञतेचे फळही त्यांनी मागितले नाही. लोहार विळ्यावर घाव घालताना कसूर करत नाही, आणि धार लागली की विळा कापणी करणाऱ्याच्या हाती देतो.