सबब आणि वहिवाट

मराठीतील ‘सबब’ या शब्दाचे दोन संसार आहेत. घरात आपण मुलाला ‘सबबी सांगू नकोस’ म्हणून दटावतो, तेव्हा सबब म्हणजे काम टाळण्यासाठी पुढे केलेले कारण. परंतु कचेरीतील कागदावर, खातेदाराने रक्कम मुदतीत भरली नाही, लेखी समज देऊनही ती वसूल झाली नाही, अशी सारी हकीकत मांडून झाल्यावर अव्वल कारकून नव्या ओळीवर ‘सबब’ असे लिहितो, तेव्हा त्याचा अर्थ ‘म्हणून’ असा होतो आणि त्याच्या मागोमाग हुकूम येतो. एका ठिकाणी जो शब्द काम थांबवितो, तोच दुसऱ्या ठिकाणी कामाला तोंड फोडतो. महसूल खात्यात उभी हयात गेल्यामुळे ही दुसरी सबब मी किती वेळा लिहिली याची गणती नाही. पहिलीच्या आश्रयाने मात्र मनात योजलेले एक पुस्तक मी सेवानिवृत्तीनंतरही अकरा वर्षे लिहिले नाही.

ते पुस्तक 1972 च्या दुष्काळाचे होते. त्या वेळी मी विशीचा असून सोलापूर जिल्ह्यात दुष्काळी कामांवर हजेरी कारकून म्हणून नुकताच लागलो होतो. नोकरी होती तोवर उसंत नाही, हे कारण पुरले. 2010 मध्ये निवृत्त झालो आणि मुलाची नोकरी रेल्वेत असल्यामुळे हुबळीस केशवापुरात राहावयास आलो, तेव्हा उसंत उदंड झाली. पण येथे आजूबाजूला सारी कन्नड वस्ती, गल्लीत मराठी पुस्तकाविषयी दोन शब्द बोलावेत असे कोणी नाही, पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांशी परिचय नाही, म्हणून ‘वातावरण नाही’ ही नवी सबब जुनीच्या जागी येऊन बसली.

सबबीविषयी प्रथम ध्यानात घ्यावयाचे ते हे की, ती बहुधा खरी असते. खोटी असती तर तिचा समाचार घेणे सोपे होते. मन स्वतःचे असत्य फार दिवस सहन करीत नाही. खऱ्या सबबीपुढे मात्र युक्तिवाद लंगडा पडतो, कारण ती पुरावा घेऊनच उभी राहते: डोळे खरोखरच दुखत असतात, घरात आजारपण खरोखरच असते, वातावरण खरोखरच नसते. म्हणून सबबीचे खंडन करून लिहावयास बसू म्हणणारा मनुष्य कधीच लिहावयास बसत नाही, असे मी आता स्वानुभवाने म्हणतो.

येथून वीसएक किलोमीटरवरच्या धारवाडात जी. ए. कुलकर्णी अनेक वर्षे महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत होते. वर्गात इंग्रजी, रस्त्यावर कन्नड, मराठी साहित्याच्या सभासंमेलनांपासून बुद्ध्याच राखलेले अंतर, आणि त्या एकांतात 1959 मध्ये ‘निळा सावळा’, 1960 मध्ये ‘पारवा’, 1962 मध्ये ‘हिरवे रावे’, 1966 मध्ये ‘रक्तचंदन’, 1972 मध्ये ‘काजळमाया’ अशी एकामागून एक पुस्तके सिद्ध होत गेली. त्याच गावात, घरी मराठी बोलणारे दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे कन्नड काव्याचे शिखर गाठीत होते. 1973 या एकाच वर्षाचा ज्ञानपीठ पुरस्कार बेंद्र्यांना आणि साहित्य अकादमीचा मराठीचा पुरस्कार ‘काजळमाये’ला मिळाला; प्रकाशनाच्या तारखेवरून वाद उपस्थित होताच जी. एं.नी तो परत केला, हे सर्वश्रुत आहे. ज्या हवेला मी अकरा वर्षे दोष देत होतो, तीच हवा त्यांच्या श्वासात होती.

यावर माझ्या मनाने तत्काळ उत्तर दिले की, ते जी. ए. होते. हे उत्तर विनयाचे वाटते; परंतु थोरांची थोरवी पुढे करून आपले सामान्य काम टाळणे ही सबबींतील सर्वांत सभ्य आणि म्हणूनच सर्वांत घातक सबब होय. यातून मला बाहेर काढले ते एका गायिकेच्या रेल्वेप्रवासाने. गंगूबाई हनगल सवाई गंधर्वांकडे शिकत होत्या, तेव्हा या आमच्या हुबळी स्टेशनावरून गाडीने कुंदगोळला जात, तालीम घेत आणि रात्रीच्या गाडीने परत येत. पदरी मुले, प्रपंचाची ओढाताण, आणि गाणाऱ्या स्त्रीकडे वाकड्या नजरेने पाहणारा तो काळ. घरी राहण्यास यांतील कोणतेही एक कारण पुरेसे होते. त्यांच्या प्रतिभेची बरोबरी मी करू शकत नाही हे उघड आहे. पण गाडीची वेळ गाठण्यासाठी प्रतिभा लागत नाही. ती वेळ माझ्यासारख्यालाही गाठता येते, हा विचार प्रथम आला तेव्हा मी अक्षरशः दचकलो.

समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. त्यात स्फूर्तीची चर्चा नाही. कागद, शाई, लेखण्या आणि त्या तासण्याच्या सुऱ्या यांची आहे. अक्षर आरंभापासून शेवटपर्यंत सारखे हवे, तरुणपणी फार बारीक लिहू नये कारण म्हातारपणी ते वाचता येत नाही, इतक्या बारकाईने ते सांगतात. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ शिसपेन्सिलीने लिहिले, त्याच्या मुळाशीही हीच उपकरणनिष्ठा असावी असे मला वाटते: जे हाती आहे त्याने, जेथे आहोत तेथे.

महसुलात आणखी एक शब्द आहे, वहिवाट. परक्याची खासगी जमीन कोणी उघडपणे, अखंड आणि मालकाच्या हक्काविरुद्ध बारा वर्षे कबजात ठेवली, तर मालकाचा ती परत मागण्याचा दावा मुदतीबाहेर जातो. सातबाऱ्यावर नाव असूनही जमीन हातची जाते. अशी प्रकरणे मी पाहिली आहेत. त्यांतील कित्येक मालक लबाडीने लुबाडले गेले नव्हते, ते फक्त आपल्या शेतात गेले नव्हते. माझी पहाटेची पाच ते साडेसहाची वेळ अशीच पडीक राहिली होती. तिच्यावर कधी झोपेने, कधी वर्तमानपत्राने, कधी नुसत्या खिडकीतून पाहण्याने कबजा केला होता, आणि बारावे वर्ष लागावयास आले होते. तेव्हा सबबींशी वाद घालणे मी सोडून दिले. त्यांचे म्हणणे मान्य केले आणि शेतात जाऊन उभा राहिलो.

एका वहीत मी स्वतःचा हजेरीपट आखला. दुष्काळी कामावर हजेरी आधी घेतली जाई आणि खडीच्या ढिगाचे मोजमाप मागाहून होई, तोच क्रम ठेवला. पाच वाजता बसलो की हजेरी, मग पान होवो अथवा न होवो. पहिल्या चाळीस दिवसांत जेमतेम सात पाने राखण्याजोगी झाली. तरी मोजमाप हजेरीवर परिणाम करणार नाही, एवढा एक नियम मी कसोशीने पाळला, कारण ढीग कमी भरला म्हणून दुसऱ्या दिवशी कामावर न येण्याची चैन त्या माणसांना परवडणारी नव्हती. आजारपणाचे खाडे पडले, तेही प्रामाणिकपणे मांडले आहेत. आता चौथे वर्ष चालू आहे आणि आठवे प्रकरण हातात आहे.

त्या प्रकरणात एक बाई आहे. कडेवरचे मूल बाभळीच्या सावलीला ठेवून ती दिवसभर खडी फोडी आणि पगाराच्या दिवशी अंगठा उठविण्यासाठी माझ्या पुढ्यात येई. दगडांनी तिच्या अंगठ्याचे कातडे इतके झिजले होते की शाई लावूनही ठशाच्या रेषा उमटत नसत. कागदावर नुसता काळा डाग पडे. ती संकोचाने अंगठा पदराला पुसून पुन्हा पुढे करी, आणि मी, विशीतला कारकून, मागे रांग खोळंबली म्हणून तिच्यावर चिडत असे. तिचे नाव मला आठवत नाही. काल पहाटे सव्वासहाला मी तिच्या तिसऱ्या प्रयत्नापर्यंत येऊन थांबलो आहे. उद्या तेथूनच पुढे लिहावयाचे आहे.