गळ आणि काठी



निम्न दुधना धरणाच्या पाण्यावर गळ टाकून बसणाऱ्यांचा एक वाद असतो: काठी बांबूची बरी की कार्बनची? जुने म्हणतात, बांबू मोडला तर दुसरा तोडून आणता येतो. तरुण म्हणतात, कार्बन हलका, दिवसभर धरला तरी मनगट भरून येत नाही. दोघांचेही खरे आहे. (कार्बनमधून वीज वाहते, विजेच्या तारांखाली ती काठी उभारू नका. ओला बांबूही नको.) पण बांबूवाल्या पोराला हसतात आणि कार्बनवाल्याला ‘पैशाचा माज’ म्हणतात. दुसरे वाक्य एकदा माझ्याही तोंडून गेले आहे.

शुभवर्तमानांत गळ एकदाच येतो, मत्तय १७:२७ मध्ये. मंदिराचा कर मागितला जातो. पुत्र या नात्याने येशूवर त्याचे बंधन नव्हते. तरी मागणाऱ्यांना अडखळण होऊ नये म्हणून तो पेत्राला सरोवरावर पाठवतो. पेत्र जाळे-होडीवाला कोळी. त्याला प्रभू गळ टाकायला सांगतो, जो होडी नसलेल्यालाही परवडतो! काठी कशाची होती, की नुसती दोरीच होती, मत्तय लिहीत नाही. आपण मात्र काठीवरूनच एकमेकांना अडखळण होतो.

पहिल्या माशाच्या तोंडात नाणे सापडेल, असे प्रभू सांगतो. नाणे एकच, त्यात कर दोघांचा भरायचा होता, त्याचा आणि पेत्राचा.