जनीवरचा आळ

नामदेवांच्या घरी दळणकांडण करणाऱ्या जनाबाईवर चोरीचा आळ आला होता. विठ्ठल रात्री तिच्यासोबत दळायला बसला, पहाटे घाईघाईत तिची वाकळ पांघरून गेला आणि त्याचं पदक तिच्या खोपटात राहिलं, अशी कथा आहे. जनीला धरलं, चंद्रभागेच्या वाळवंटात सूळ रोवला, आणि त्या सुळाचं पाणी झालं. कीर्तनात लोक इथे टाळ्या वाजवतात. मला हल्ली त्याच्या अलीकडचा भाग सतावतो. पदक दिसेना तेव्हा कुणालाही दुसऱ्या कुणाचा संशय का आला नाही?

यंदा चैत्रात आमच्या नातीचा चांदीचा वाळा हरवला. नात दीड वर्षाची. मुलगा-सून दोघंही ठाण्याहून मुंबईला नोकरीला जातात, माझे गुडघे साथ देत नाहीत, म्हणून ब्युरोतून चोवीस तासांच्या मावशी ठेवल्या आहेत. त्या परभणीकडच्या. त्यांची स्वतःची दोन मुलं गावी आजीजवळ राहतात. वाळा घरभर शोधला. रात्री दार लोटून घेत सून म्हणाली, "आई, मुलीच्या खोलीत कॅमेरा लावू या. मावशींना सांगायला नको. आणि दुपारी ती हल्ली इतकी झोपते कशी, तेही कळेल."

सुनेच्या मनात पाप होतं असं मी म्हणणार नाही. मूल बोलत नाही, तक्रार करत नाही. त्याच्या वतीने संशय घेणं हे आईचं कर्तव्यच आहे. भागवतानेही ही भीती ओळखली आहे. पूतना गोकुळात शिरली ती बाळाला दूध पाजण्याचं निमित्त करूनच. पण त्याच भागवतात कृष्णाने तिला दाईला शोभेल अशी गती दिली. विष पाजायला आलेलीने बाळाला छातीशी धरलं, एवढ्याचीही तिथे नोंद होते. मग आमच्या मावशी तर नातीला ताप आला की रात्र रात्र खांद्यावर घेऊन फेऱ्या घालतात. त्याची नोंद आम्ही कुठे ठेवली?

माझ्या मते प्रश्न संशयाचा नाही, त्याच्या वजनाचा आहे. आमचा संशय खोटा ठरला तर आमचं काय जातं? थोडी लाज. मावशींचं मात्र काम, जेवण आणि डोक्यावरचं छप्पर एकाच रात्री जातं, कारण त्यांचं कामाचं ठिकाण आणि राहायचं घर एकच आहे. ब्युरोत नाव खराब होतं ते वेगळंच. जिथे दोन पारडी इतकी असमान आहेत, तिथे ज्याच्याकडे सत्ता आहे त्याने तोंडावर विचारायला हवं आणि उत्तर ऐकून घ्यायला हवं. पाठीमागे जमवलेला पुरावा खरा असला तरी त्याला मी न्याय म्हणणार नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मीच विचारलं. मावशींचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "आजी, माझी पेटी बघा." पेटी उघडायला मी नकार दिला. झोपेबद्दल विचारलं तेव्हा कळलं, की नात रात्री दोनदा उठते आणि मावशी तिला आमच्यापर्यंत येऊच देत नाहीत. कॅमेरा लागला, पण हॉलमध्ये, आणि मावशींना दाखवून.

वाळा आजही सापडलेला नाही. जनीच्या कथेत देवच साक्षीदार होता. आमच्या घरात साक्षीला कुणी नाही. सून अजून म्हणते की मी भाबडी आहे. मी तिला एवढंच सांगते: भरवसा उरला नसेल तर महिन्याचा पगार आगाऊ देऊन, कारण सांगून त्यांना निरोप दे. पण रोज मूल त्यांच्या हाती द्यायचं आणि मनात त्यांना चोर म्हणायचं, हे मला अधर्माचं वाटतं.

बोलण्यातून आणखी एक गोष्ट निघाली. मावशींना आठवड्याची सुट्टीच नव्हती. घरकामगारांना आठवड्यातून सलग 24 तास विश्रांती हवी, असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2011 चा करार सांगतो; भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. आमच्या घराने स्वीकारायला दिल्लीची वाट कशाला पाहायची? रविवारी आता मुलगा नातीला सांभाळतो. पहिल्या रविवारी मावशी कुठेच गेल्या नाहीत. दुपारभर झोपल्या, मग गावी मुलांना फोन लावून बराच वेळ बोलत बसल्या.