खड्डे खाणारी गाडी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक खड्डा होता आणि तो मला पाठ होता. आधी पुढचं डावं चाक 'धप्', मग लगेच मागचं डावं 'धप्', आणि डॅशबोर्डच्या आत कुठेतरी एक प्लॅस्टिकची खुटखुट. रोज दोनदा. ऑफिसला हिंजवडीला जाताना आणि येताना. चिडून मी त्याचे चार वेळा फोटो काढले आणि चार वेळा तक्रार केली. एकदा मुरूम टाकून गेले. पहिल्याच पावसात तो वाहून गेला.

मग मी गाडीचं सस्पेन्शन बदललं आणि तो खड्डा माझ्या आयुष्यातून गेला. रस्त्यातून नव्हे, फक्त माझ्या आयुष्यातून. हा लेख त्याबद्दल आहे.

गाडी सेकंड-हँड जर्मन सेडान आहे. कंपनी सांगत नाही, नाहीतर सगळी चर्चा 'ही का घेतली, ती का नाही' यावरच संपेल. इंजिन जोरकस आहे आणि ॲडॅप्टिव्ह शॉक्स कंपनीतूनच आलेले होते. पण ऐंशी हजार किलोमीटरनंतर पुढचे दोन्ही शॉक्स ऑइल गळायला लागले होते. गंमत म्हणजे हे मला कळलंच नव्हतं. शॉक एका दिवसात मरत नाही. रोज थोडा थोडा मरतो, आणि आपण रोज थोडे थोडे सरावतो. नाना पेठेतल्या ओळखीच्या मिस्त्रीने बोनेटचा कोपरा दाबून सोडला. गाडी एकदा वर येऊन थांबायला हवी होती, ती डुलत राहिली. तो म्हणाला, "साहेब, ही गाडी नाही, पाळणा आहे."

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्प्रिंग गाडीचं वजन उचलून धरते आणि चाकाला वरखाली व्हायला जागा देते. पण स्प्रिंगला थांबणं माहीत नसतं, ती उसळत राहते. ती उसळी मारायचं काम शॉकचं, म्हणजे डॅम्परचं. आत ऑइल असतं, पिस्टन असतो, बारीक भोकं असतात. त्यातून ऑइल ढकललं जाताना हालचालीची ऊर्जा उष्णता होऊन जाते. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकला हात लावला तर तो गरम लागतो. तुमच्या कमरेत जाणारा धक्का तिथे तापून गेलेला असतो. साध्या शॉकमध्ये ती भोकं कायमची ठरलेली असतात, म्हणून कंपनीला तडजोड करावी लागते. मऊ ठेवला तर घाटाच्या वळणावर गाडी झुकते, कडक ठेवला तर खड्ड्यात दात वाजतात. ॲडॅप्टिव्ह शॉकमध्ये ऑइलची वाट एका इलेक्ट्रिक व्हॉल्व्हने कमीजास्त होते. सेन्सर चाकांची आणि बॉडीची हालचाल मोजत असतात, कंप्युटर काही मिलिसेकंदांत ठरवतो की या क्षणी या चाकाला किती कडक व्हायचंय.

यामागचं एक गणित मला फार आवडतं. १९७४ मध्ये डीन कार्नॉप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पेपर लिहिला. त्यातून आलेल्या पद्धतीला 'स्कायहूक' म्हणतात. कल्पना अशी, की गाडीची बॉडी एका शॉकने थेट आभाळाला बांधलेली आहे. खाली चाकं काय वाटेल ते करोत, बॉडी आभाळाच्या आधाराने स्थिर. अर्थात आभाळाला हूक नसतो. म्हणून सॉफ्टवेअर सतत हिशेब करतं की तो काल्पनिक शॉक आत्ता किती जोर लावेल, आणि खऱ्या शॉकला शक्य तेवढी त्याची नक्कल करायला लावतं. गाडी रस्त्यावर असते, पण सॉफ्टवेअरच्या मते ती आभाळाला टांगलेली असते. सोसायटीच्या अकराव्या मजल्यावर राहून हिंजवडीत कोड लिहिणाऱ्या माणसाला हे वर्णन ओळखीचं वाटायला हवं होतं. तेव्हा वाटलं नाही.

बिलस्टाइन, केडब्ल्यू यांसारख्या कंपन्या मूळच्या वायरिंगला जोडता येतील असे ॲडॅप्टिव्ह शॉक्स बनवतात. साधे शॉक्स टाकले तर डॅशबोर्डवर एररचा दिवा पेटतो आणि तो गप्प करायला वेगळं मॉड्यूल लावावं लागतं. मी ॲडॅप्टिव्हच मागवले, सोबत थोड्या कडक स्प्रिंगा. गाडीची उंची मात्र कमी केली नाही. मित्र हसले, "एवढे पैसे घालून गाडी खाली नाही घेतलीस?" पुण्यातल्या गतिरोधकांवर पोट घासत जाणारी गाडी ज्यांना शोभते त्यांना शोभो. कस्टम ड्यूटी, मजुरी, अलाइनमेंट धरून साडेतीन लाख गेले. घरी मी दीड सांगितले.

मिस्त्रीने दोन दिवस घेतले. बुशचे बोल्ट त्याने गाडी हवेत असताना फक्त अडकवले. खाली उतरवून, चाकांवर पूर्ण वजन आल्यावरच आवळले. नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत बसतं आणि लवकर फाटतं. चावी देताना म्हणाला, "आता गाडी खड्डे खाईल, तुम्हाला कळणारपण नाही."

खरंच कळलं नाही. आठ महिने.

मग जुलैमध्ये आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या त्या हाताला प्लास्टर घालून, सुट्टी मागायला. मुलाच्या स्कूटरवर मागे बसून येत होत्या. पाऊस होता, पाणी साचलं होतं, चाक आत गेलं, दोघंही पडले. मुलाला खरचटण्यावर भागलं. यांचं मनगट मोडलं.

"कुठे पडलात, मावशी?"

"आपल्याच गल्लीच्या तोंडाशी, दादा. तो नाही का, तुम्ही मागे फोटो काढत होतात तो."

मी सुट्टीचे पैसे दिले, दवाखान्याचं बिल दिलं. ते सोपं होतं. त्या गेल्यावर आठवायचा प्रयत्न केला, की तो खड्डा मला शेवटचा कधी दिसला होता? आठवेना. म्हणजे रोज दोनदा, आठवड्यातून पाच दिवस, मी त्यावरून जात होतो. शेवटची तक्रार सस्पेन्शन बदलायच्या आदल्या महिन्यातली होती.

आता स्वतःची बाजू मांडून बघतो. खड्डा मी पाडलेला नाही. आधीच्या चार तक्रारींनी बुजला नव्हता, पाचवीने बुजला असता असं कोण म्हणेल? रस्ता दुरुस्त करणं ज्यांचं काम आहे त्यांना त्याचा पगार मिळतो. मी कर भरतो. कोर्टात मी निर्दोष सुटेन. पण मला टोचत होतं ते वेगळंच. पाचवी तक्रार 'करूनही उपयोग नाही' असा विचार करून मी थांबलो असतो, तर तो निदान माझा निर्णय असता. इथे मी काहीच ठरवलं नव्हतं. माझ्यातला तक्रार करणारा माणूस साडेतीन लाखांत बंद पडला होता, आणि मला ते राइड क्वालिटीतली सुधारणा वाटत होती.

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांचं १९७० चं एक छोटं पुस्तक आहे, 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी'. त्याची सुरुवात नायजेरियातल्या रेल्वेच्या कोड्यापासून झाली. तिथे ट्रकची स्पर्धा आली, तरी रेल्वे सुधारेना. स्पर्धेने सुधारणा होते हे आपण शाळेपासून ऐकतो, मग उलटं का? हर्शमन यांचं उत्तर असं, की ज्यांना वाईट सेवेचा सर्वांत जास्त त्रास होत होता आणि जे सर्वांत जास्त आरडाओरडा करू शकले असते, तेच आधी ट्रककडे निघून गेले. मागे उरले ते नाइलाजाने उरलेले. रेल्वे सरकारी, ग्राहक गेला म्हणून तिला फारसं दुखतही नव्हतं. ओरडणारा गेल्यामुळे मात्र तिला शांतता मिळाली.

आमच्या घरात पाण्याला आरओ आहे, विजेला इन्व्हर्टर आहे, सोसायटीत उन्हाळाभर टँकर येतात. प्रत्येक वस्तूमागे एक बंद पडलेली तक्रार आहे. पण या सगळ्यांपेक्षा सस्पेन्शनची गोष्ट मला जास्त विचित्र वाटते. रेल्वे सोडणारा माणूस निदान रेल्वेतून उतरतो. आपण निघालो हे त्याला माहीत असतं. मी निघालोच नव्हतो. त्याच रस्त्यावर, त्याच खड्ड्यावरून रोज जात होतो.

माझ्या धंद्यात याला नाव आहे. प्रोग्राममध्ये काहीतरी चुकेल अशी जागा असेल तर आपण ती ट्राय-कॅचमध्ये टाकतो. चूक झाली तर कॅच तिला पकडतो आणि प्रोग्राम कोसळत नाही. काही जण मात्र कॅच रिकामा ठेवतात. चूक पकडली, गिळली, कुठे नोंदही नाही. वरून सगळं सुरळीत चालतं. असा कोड ज्युनियरने लिहिला तर मी रिव्ह्यूमध्ये अडवतो: बाबा रे, निदान लॉग तरी कर. आणि माझी गाडी? तिच्या सेन्सरना त्या खड्ड्याचा धक्का माझ्या कमरेपेक्षा कितीतरी अचूक कळत होता. त्यांनी तो रोज मोजला, व्हॉल्व्हला आज्ञा दिली, आणि आकडे टाकून दिले. आठ महिने तो खड्डा माझ्या गाडीला माहीत होता, मला नव्हता.

हातांच्या शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये कुष्ठरुग्णांवर उपचार करत. रुग्णांची बोटं रोगाने आपोआप झडतात हा समज त्यांच्या कामामुळे मोडला. रोग नसा मारतो, वेदना जाते, आणि मग माणूस गरम भांडं धरून ठेवतो, जखमेवर जोर देत राहतो. बोटं त्या दुखापतींमुळे जातात. पुढे अमेरिकेत त्यांनी इंजिनियरांना हाताशी धरून कृत्रिम वेदना बनवायचा प्रयत्न केला. हातमोज्यात सेन्सर बसवले, दाब जास्त झाला की विजेचा झटका. यंत्रणा चालली. पण एखादं काम करायचंच असलं की रुग्ण सरळ ती बंद करत आणि काम उरकत. शेवटी प्रकल्प सोडून द्यावा लागला. जी वेदना बंद करता येते ती फार काळ चालू राहत नाही.

हे मी वाचलं होतं, तरी ऑगस्टमध्ये तोच मूर्खपणा केला. गल्लीच्या तोंडाशी आलो की गाडी 'स्पोर्ट'वर टाकायची, म्हणजे शॉक्स कडक होतील आणि खड्डा लागेल. प्रायश्चित्त म्हणा. पाच दिवस चाललं. सहाव्या दिवशी ऑफिसचा कॉल चालू होता, विसरलो. एका बटणाने घेतलेला धक्का आणि मनगट मोडणारा धक्का यांत काही नातं नाही, हेही तोवर कळलं होतं.

मग गाडी विकून स्कूटर घ्यायची का? नाही, विकणार नाही. मला ती आवडते. कात्रजच्या घाटात ती वळते तेव्हा मला जो आनंद होतो त्याची लाज मला वाटत नाही. आराम हे पाप आहे असं मानणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. बहुतेक वेळा त्यांना स्वतःला तो परवडत नसतो, किंवा मिळून चुकलेला असतो.

पण आराम कुठे बसवायचा हा प्रश्न उरतोच. पुण्यात याचं उदाहरण घराघरांत सांगितलं जातं: जंगली महाराज रस्ता. १९७० च्या दशकात रेकॉन्डो नावाच्या कंपनीने तो बांधला, दहा वर्षांची लेखी हमी देऊन. हमी संपली, पुढे दशकं गेली, तरी तो रस्ता खड्ड्यांविना टिकला म्हणून शहर अजून त्याचं नाव काढतं. सस्पेन्शनच्या भाषेत बोलायचं तर तिथे धक्का रस्त्यातच मारून टाकला होता. वरून मर्सिडीज जावो, पीएमटीची बस जावो, की दहा इंची चाकांची स्कूटर, सगळ्यांना सारखाच गुळगुळीत. तेच काम प्रत्येक गाडीत वेगळं करायचं ठरलं, की ज्याच्याकडे साडेतीन लाख आहेत त्याच्यासाठी खड्डा बुजतो आणि ज्याच्याकडे नाहीत त्याच्यासाठी तेवढाच खोल राहतो. आणि हे त्या शहरात, जिथे वेताळ टेकडीवर एआरएआय १९६६ पासून वाहनांवर संशोधन करते, आणि जिथून जवळ चाकणला शॉक्सचे कारखाने आहेत. गाडीने धक्का कसा खावा यावर इथे पिढ्यान्‌पिढ्या डोकी चालली. माझंही त्यातलंच, जरा खालच्या प्रतीचं.

मी पाचवी तक्रार केली, प्लास्टरचा उल्लेख करून. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, आणखी अकरा जणांनी केली. त्यातल्या नऊ जणांकडे स्कूटर आहे, हे मी मोजलं. तीन आठवड्यांनी खड्ड्यात पेव्हर ब्लॉक बसले. जरा उंचच बसलेत, पण बसलेत.

सप्टेंबरमध्ये मावशी परत यायला लागल्या. कणीक अजून डाव्या हाताने मळतात. त्यांना जरा अभिमानानेच म्हटलं, "मावशी, तो खड्डा बुजला, बघितलात ना?"

"बुजला की. बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता तो पाण्याच्या टाकीपाशी मोठा झालाय. तुम्हाला रोज लागत असेल की, दादा."

टाकीपाशी खड्डा आहे हे मला माहीतच नव्हतं.