श्रद्धेवाचून विधी : परदेशस्थ कोरियन मुलांच्या वारशाचा प्रश्न

ज्या श्रद्धेवर एखादा विधी उभा राहिला ती श्रद्धा उरली नसतानाही तो विधी करणाऱ्याला त्या परंपरेचा वारस मानावे काय, हा धर्मचिंतनातला जुना प्रश्न अमेरिकेत वाढणाऱ्या कोरियन स्थलांतरितांच्या मुलांपाशी अधिक बिकट होतो, कारण त्यांना घरातून मिळणारा वारसा मुळातच दुभंगलेला आहे. त्याच्या एका अंगाला ‘जेसा’ आहे, म्हणजे मृताच्या तिथीला भात, रस्सा, मासे, फळे आणि मद्य मांडून जमिनीला कपाळ टेकवण्याचा, मराठी वाचकाला श्राद्धाची आठवण करून देणारा कन्फ्यूशियन विधी. दुसऱ्या अंगाला चर्च आहे.

या दोहोंमधला झगडा अठराव्या शतकापासूनचा आहे. १७९१ मध्ये युन जी-चुंग या कॅथलिक विद्वानाने पूर्वजांच्या नामपट्टिका जाळल्या, आईच्या मृत्यूनंतरचे परंपरागत विधी नाकारले, आणि जोसॉन राजसत्तेने त्याला देहदंड दिला. रोमने १९३९ मध्ये पूर्वजवंदन हा नागरी आदराचा प्रकार मानून कॅथलिकांना मोकळीक दिली. बहुतेक प्रोटेस्टंट पंथांनी मात्र ती मूर्तिपूजाच ठरवली आणि तिच्या जागी ‘चुदो येबे’, म्हणजे प्रार्थना व स्तोत्रे यांनी बांधलेली स्मरणोपासना, रूढ केली. १९०३ मध्ये हवाईच्या उसाच्या मळ्यांसाठी येऊन पोहोचलेल्या पहिल्या तुकडीत इंचॉनच्या मेथॉडिस्ट मंडळीतले अनेक जण होते. पुढे १९६५ च्या कायद्याने अमेरिकेचे दार उघडल्यावर आलेल्यांनाही चर्चमध्येच नोकरीची माहिती, गावाकडची माणसे, किमचीचे जेवण आणि मुलांसाठी कोरियन भाषेचा वर्ग मिळाला. दक्षिण कोरियाच्या २०१५ च्या जनगणनेत प्रोटेस्टंटांचे प्रमाण जेमतेम एक पंचमांश होते, तर अमेरिकेतल्या कोरियनांत २०१२ च्या एका मोठ्या पाहणीनुसार ते साठ टक्क्यांच्या आसपास होते. परंपरेचा गाभा मानला गेलेला विधी नाकारून जो धर्म कोरियात रुजला, तोच परदेशात कोरियनपणाचा राखणदार झाला, आणि ही विसंगती आईबापांना फारशी खुपली नाही, हे विशेष.

मुलांना ती खुपते. इंग्रजी उपासनेला बसणारी आणि पुढे कॉलेजच्या वयात चर्च सोडणारी दुसरी पिढी इतकी मोठी ठरली की धर्मोपदेशकांमध्ये या गळतीला ‘मूक निर्गमन’ असे बायबलची छटा असलेले नाव पडले.

मध्य आशियातल्या कोरियनांची, म्हणजे ‘कोर्यो-साराम’ लोकांची, कहाणी याच्या उलट आहे. स्टालिनने १९३७ मध्ये अतिपूर्वेकडून सुमारे पावणेदोन लाख कोरियनांना कझाकस्तान-उझबेकिस्तानात हाकलले, पाठोपाठ त्यांच्या शाळांतून कोरियन माध्यम गेले, आणि नातवंडे रशियन बोलू लागली. तरीही ५ एप्रिलच्या ‘हान्सिक’ला ही कुटुंबे कबरींवर जातात, तण काढतात, अन्न ठेवतात आणि वाकतात. भाषा गेली, ग्रंथ गेले, राज्य निरीश्वरवादी होते. हात आणि पाठ यांना शिकवलेले तेवढे मात्र राहिले.

याची उपपत्ती इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातल्या शुन्झी या कन्फ्यूशियन विचारवंताकडे सापडते. पितरांचा विधी ही स्मरणाला आणि ओढीला रूप देण्याची रीत असून सामान्य जन त्यात प्रेतात्म्यांचा व्यवहार पाहत असले तरी सुज्ञाला तो माणसांचाच व्यवहार म्हणून कळतो, असे त्याचे म्हणणे. हे उत्तर आकर्षक असले तरी निर्दोष नाही. जेसाचा अधिकार थोरल्या मुलाकडे आणि रांधण्याचे कष्ट सुनांकडे, ही त्याची घडण वगळून त्याच्या तत्त्वज्ञानाविषयी बोलणे अप्रामाणिक होईल. खुद्द कोरियातही ती बदलते आहे : कन्फ्यूशियनांची सर्वोच्च संस्था सुंग्युन्ग्वान हिने २०२२ मध्ये सणाच्या पूर्वजपूजेत तळलेले पदार्थ मांडण्याची गरज नाही असे जाहीर केले, तर परदेशी घरांत बहुधा आईबाप निघाले त्या सालचीच मांडणी चालू राहते.

तरीही शुन्झीच्या कसोटीने एक गोष्ट स्पष्ट होते. आत्मा अन्नाचा वास घेतो यावर विश्वास न ठेवणारी नात आजीच्या तसबिरीपुढे खोटेपणा न वाटता वाकू शकते. पण ज्या देवावर तिचा विश्वास नाही त्याची प्रार्थना तिला तितक्या सहजपणे म्हणता येत नाही, कारण प्रोटेस्टंट उपासनेत शब्दाला अंतःकरणाची साक्ष लागते. चुदो येबेने आजीचे स्मरणही त्या साक्षीवर अवलंबून ठेवले, आणि म्हणूनच चर्च सोडणाऱ्या मुलीला देवासोबत आजीच्या आठवणीची जागाही सोडावी लागते.