कुलीन बी

कॉफीच्या बाजारात अरेबिका कुलीन समजली जाते. तिचा सुगंध नाजूक, आंबटपणा सौम्य आणि मोलही बहुधा अधिक. रोबस्टा कडू, उग्र. तिच्यात कॅफीन जवळजवळ दुप्पट. म्हणून तिचे पान खालच्या पंक्तीत. परंतु वनस्पतिशास्त्राची साक्ष निराळी आहे. रोबस्टा ज्या कॅनेफोरा जातीची, तिचाच युजेनिऑइडिस जातीशी निसर्गतः संकर होऊन अरेबिका जन्मली. कॅनेफोराची गुणसूत्रे २२, अरेबिकेची ४४. दोन्ही कुळांचा वारसा तीत उतरला आहे. तांबेरा पडला की अरेबिका खचते. रोबस्टा बहुधा तग धरते. मग कुलीन कोण? चवीचा भेद जाणणे ही रसिकता. त्यावरून कुळाचा निवाडा देणे हा न्याय नव्हे. देवळाच्या अंगणात माणसांची पाने आपण कुळावरून वेगळी मांडीत आलो. त्या निवाड्यास पुरावा कोणता होता?