मुलांना मी काय शिकवणार?



मुलांच्या धर्मशिक्षणासाठी शिक्षक हवेत असे सांगितले, की बहुधा एकच उत्तर मिळते: "फादर, मलाच काही येत नाही!" ही नम्रता की पळवाट?

सेमिनरीत आम्ही एक तत्त्व शिकलो: जे आपल्याजवळ नाही ते देता येत नाही. तत्त्व खरे आहे. पण ते तयारी करायला सांगते, घरी बसायला नव्हे.

इ. स. ४०० च्या सुमारास कार्थेजच्या देओग्रातियास या डीकनने संत ऑगस्टिनला कळवले, की शिकवताना माझे बोलणे मलाच कंटाळवाणे वाटते. ऑगस्टिनने त्याला सुटी दिली नाही, त्याच्यासाठी पुस्तक लिहिले. आनंदाने शिकवा, आणि ऐकणारा दमला तर त्याला बसायला द्या, असे त्यात सांगितले आहे.

आपणही आधी काही रविवार अनुभवी शिक्षकांच्या वर्गात मागे बसा. मग दोघांनी मिळून एक पाठ घ्या. एखाद्या प्रश्नाचे उत्तर आले नाही, तर मुलांना तसे सांगा आणि पुढच्या रविवारी शोधून आणा. अशाने आपलीही श्रद्धा वाढते.

पाच हजारांच्या जेवणासाठी पाच भाकरी एका मुलाजवळच होत्या. त्या पुरणार नाहीत म्हणून त्याने लपवल्या नाहीत.

मिस्सेनंतर मला भेटा.

आपला,
प्रमुख धर्मगुरू